गाळलेला धडा

आमच्या शाळेत धर्माचं तत्त्वज्ञान हा विषय कुणी निवडत नाही. तो वाट्याला येतो. विज्ञानाचा वर्ग भरतो, मग वाणिज्याचा भरतो, आणि जे उरतात त्यांना मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, तळमजल्यावरच्या टोकाच्या खोलीत पाठवतात. त्या खोलीच्या अर्ध्या भागात व्यायामाच्या गाद्या रचलेल्या आहेत, कारण त्यांना दुसरीकडे जागा नाही. उरलेल्या अर्ध्यात ईश्वराची सोय केली आहे. सोमवारी त्याचं अस्तित्व सिद्ध होतं, बुधवारी ते खोडून निघतं आणि शुक्रवारी दोन्हींची चाचणी होते.

ही तिन्ही कामं एकच माणूस करतो. अंगाने किरकोळ, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, आणि बोलता बोलता डस्टर या हातातून त्या हातात घ्यायची सवय. कोणतंही विधान केलं की क्षणभर थांबायचं, "तरीपण" म्हणायचं आणि मग आपल्याच विधानाच्या तंगड्या तोडायच्या, ही त्यांची रीत. मुलांनी त्यांचं नाव तरीपण सर ठेवलं. सरांच्या ते कानावर गेलं. "नाव चांगलं आहे," ते स्टाफरूममध्ये म्हणाले. पुढचं वाक्य ऐकायला आम्ही सगळे थांबलो होतो. पण तेवढ्यात घंटा झाली.

त्यांचा स्वतःचा देवावर विश्वास आहे की नाही, हे कुणालाही माहीत नव्हतं. मुलं त्यावर पैजा लावत. पीटीचे सर तर हात धुऊन मागे लागले होते.

"सर, एकदाचं सांगून टाका की. आहे का नाही?"

"पेपरात असं कधी विचारत नाहीत. 'चर्चा करा' असं विचारतात."

"पेपर राहू द्या हो. तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं त्याला गुण नसतात."

सरांची बायको पोस्टात तिकिटांच्या खिडकीवर बसायची. एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनात कुणीतरी तिला हाच प्रश्न विचारला, तेव्हा ती म्हणाली, "मला काय विचारता? भाजी कोणती आणू म्हटलं तरी हे दोन्हीकडच्या जुड्यांचं गुणवर्णन करतात. लग्नाला हो म्हणाले तेसुद्धा 'हो, पण' असं. 'पण'च्या पुढचं यायच्या आत थोरल्या दिरांनी तोंडात पेढा कोंबला म्हणून मी आज इथे उभी आहे." ती हसली, सरही हसले. सर तळ्यात की मळ्यात, हे तिलाही ठाऊक नव्हतं. तिने विचारायचं सोडून दिलं होतं, एवढंच.

पण शिकवायचे उत्तम. उरलेल्यांच्या त्या वर्गाचा निकाल दरवर्षी विज्ञानवाल्यांना मान खाली घालायला लावी, आणि त्याचं कारण होतं सरांनी काढलेली उजळणीची एक पद्धत. तिला मुलं 'खुर्चीपालट' म्हणत. फळ्यापुढे दोन खुर्च्या समोरासमोर मांडायच्या. एकाने म्हणायचं, जगात इतकी नीटनेटकी रचना दिसते, तेव्हा घड्याळाला कारागीर आणि बागेला माळी असतो तसा ती रचणारा कुणीतरी असणार. दुसऱ्याने म्हणायचं, नीटनेटकं दिसणं आणि रचलेलं असणं यात फरक आहे. वादाला रंग चढला की सर डस्टर टेबलावर आपटत. "पालट!" मग दोघांनी उठून खुर्च्या बदलायच्या आणि समोरच्याने जिथे वाक्य सोडलं तिथूनच त्याची बाजू पुढे न्यायची. अडखळलं तर गुण गेले. आपलं मत कोणतं, हा प्रश्न तिथे निघतच नसे. मिळालेली बाजू मन लावून लढवायची. मंडळाच्या परीक्षेत एकाच बाजूचं उत्तर अर्ध्या गुणांच्या वर जात नाही, त्यामुळे पद्धत हिताचीही होती. सरांच्या हाताखालून गेलेली मुलं पुढे भांडणात फार जड जात, अशी पालकांची तक्रार मात्र असे.

त्या वर्षीच्या वर्गात एक मुलगी होती. ती मात्र विषय मागून घेऊन आली होती. तिला सगळे वकील म्हणत. तिच्या वडिलांची चौकात लाँड्री होती. आई आणि वडील दोघंही तिथेच राबत, आणि शाळेतून आल्यावर मुलगी गिऱ्हाइकांच्या कपड्यांना खुणेच्या चिठ्ठ्या टाचत असे. घरात ठरलं होतं ते असं : पोरगी सगळ्या विषयांत पास झाली तर मोठ्या शहरात मावशीकडे राहून पुढे शिकेल, एका विषयात जरी गचकली तरी लाँड्रीच्या फळकुटामागे उभी राहील. वडील वाईट नव्हते. त्यांना इस्त्रीला आणखी एक हात हवा होता आणि तो घरातच वाढत होता, इतकंच. वकील खुर्चीपालटमध्ये कधीच हरली नव्हती. दोन्ही खुर्च्यांवरून जिंकायची. सर तिच्याकडे पाहताना डस्टर हलवायचे थांबत.

तिच्या मागे मागे तिची धाकटी बहीण असायची. ती खालच्या वर्गात होती. तिला सगळी शाळा शेपूट म्हणे. वकिलीणबाईंचा तास सुटेपर्यंत शेपूट खोलीतल्या गाद्यांवर लोळत वाट पाहायची, आणि पुढचा वाद ऐकून ऐकून मधल्या सुट्टीत कुणाच्याही डब्यात हात घालताना म्हणायची, "तुझा डबा आहे हे मान्य. तरीपण." गणिताच्या चाचणीच्या दिवशी तिच्या पोटात हमखास दुखे. तेही सगळ्या शाळेला माहीत होतं.

उजळणीचे दिवस सुरू व्हायच्या आधी शेपूट गेली. ताप आला, मेंदूत शिरला, आणि दवाखान्यात नेल्यावर तिने डोळे उघडले नाहीत. मोठ्या बाईंनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांना स्तब्ध उभं केलं. छोट्या वर्गातली मुलं स्तब्ध उभी राहिली नाहीत, कारण ती कधीच राहत नाहीत. लाँड्री काही दिवस बंद होती. मग उघडली. लोकांचे कपडे अडकले होते.

लाँड्रीत येणारा प्रत्येक जण आईला काहीतरी सांगून जाई. देवाला गोड पोरं लवकर हवी असतात. त्याची इच्छा. त्याच्या मनात काय असतं ते आपल्याला कळत नाही. आई इस्त्री फिरवता फिरवता मान हलवायची. "त्याचीच इच्छा," ती म्हणायची, आणि पुढचा कपडा घ्यायची. या एका वाक्यावर ती बाई उभी होती.

वकील शाळेत परत आली ती गप्प. हजेरी झाली की "हजर" म्हणायची आणि मग तास संपेपर्यंत काही नाही. खुर्चीपालटसाठी कुणी तिला बोलावलं नाही. उजळणी सरांच्या ठरलेल्या क्रमाने पुढे सरकू लागली : पहिलं कारण, जगाची रचना, चमत्कार, धार्मिक अनुभव, मरणोत्तर जीवन. शेवटचा धडा होता अनिष्टाचा; तो सर उजळणीच्या अखेरीलाच पहिल्यांदा शिकवत. देव सर्वशक्तिमान आहे, तो सर्वज्ञ आहे, तो दयाळू आहे, आणि तरी जगात दुःख आहे. ही चार वाक्यं एका घरात कशी नांदतात, हा त्या धड्याचा प्रश्न.

तो धडा जवळ येऊ लागला तसा स्टाफरूममध्ये विषय निघाला.

"गाळा," मोठ्या बाई म्हणाल्या. "त्या पोरीसमोर कशाला?"

"पेपरात येईल," सर म्हणाले.

"मागच्या वर्षी आला होता ना?"

"आला होता."

"मग लागोपाठ कशाला येतोय?"

पीटीचे सर म्हणाले, "तिला तेवढा तास माझ्याकडे पाठवा. मी मैदानावर काहीतरी काम लावतो."

"आणि बाकीची मुलं तिला नंतर सांगणार नाहीत कशावरून?" मोठ्या बाई म्हणाल्या. "सगळ्यांचाच गाळा. माणुसकी म्हणून तरी."

सर दोन दिवस विचार करत होते. त्यांच्यासारख्या माणसाला दोन दिवस म्हणजे घाईच. घ्यावा तर पोरीच्या जखमेवर मीठ, गाळावा तर वर्गाचं नुकसान. इकडे आड तिकडे विहीर. शेवटी शिक्षकी पेशातला जुना अंदाज मदतीला आला : मागच्या वर्षी विचारलेला प्रश्न यंदा विचारत नाहीत. जगातल्या रचनेवर आक्षेप घेणारा हा माणूस प्रश्नपत्रिकेच्या रचनेवर मात्र डोळे मिटून श्रद्धा ठेवून होता. सगळे शिक्षक ठेवतात.

वर्गात ते म्हणाले, "शेवटचा धडा घरी वाचून काढा. सोपा आहे."

पोरांना कारण कळलं होतं, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसत होतं. वकीलचा हात वर गेला. परत आल्यापासून पहिल्यांदाच.

"सर, तो धडा वर्गात घेणार नाही?"

"नाही."

"खुर्चीपालट?"

"त्याची नाही होणार."

"का सर?"

"वेळ नाही गं उरला."

ती खाली बसली. दुसऱ्या दिवशी सरांनी चमत्काराच्या धड्याची उजळणी दुसऱ्यांदा घेतली.

परीक्षेत प्रश्न आला. नुसता आला नाही, सक्तीचा आला आणि सगळ्यांत जास्त गुणांचा आला. 'नैसर्गिक आणि मानवी अनिष्ट यांतील भेद स्पष्ट करून, दयाळू ईश्वराच्या कल्पनेवर त्याचा काय परिणाम होतो याची चर्चा करा.' बाकीच्या मुलांनी जमेल तसं पान भरलं. काही जण चमत्कार लिहून आले. दोनदा उजळणी झाल्याने तो तोंडपाठ होता. वकीलने बाकीचे प्रश्न भराभर लिहिले, या प्रश्नाशी आली, पेन खाली ठेवलं आणि वेळ संपायच्या कितीतरी आधी उठून गेली. देखरेखीवर असलेल्या आमच्या भूगोलाच्या बाईंनी तिला दारात अडवून विचारलं, "झालं सगळं?" ती म्हणाली, "हा एक आम्हाला शिकवला नाही."

सरांना हे कळलं तेव्हा त्यांनी चहा अर्धा टाकला. सक्तीचा प्रश्न कोरा सोडला की मंडळ पास करत नाही, हा नियम त्यांना तोंडपाठ होता. दुपारीच ते लाँड्रीकडे निघाले. पुढे जे झालं ते त्यांनी बऱ्याच महिन्यांनी सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं.

लाँड्रीच्या पुढच्या भागात वडील पावत्या फाडत होते. सरांना पाहून ते उठले.

"या सर. कपडे आहेत?"

"नाही. मुलीशी बोलायचं होतं."

"बोला बुवा. आमच्याशी तर बोलत नाही. आईशी नाही, माझ्याशी नाही. तुमचं ऐकते." मग आवाज खाली आणून, "पेपर कसा गेला तिचा? काही बोलली नाही."

"तेच बघायला आलोय," सर म्हणाले.

मागची खोली लांबट होती. छताच्या खाली तारा ओढलेल्या, त्यांवर धुतलेल्या चादरी ओळीने सोडलेल्या, त्यामुळे पलीकडची भिंत दिसत नव्हती. खळीचा आंबूस वास, गरम लोखंडाचा वास, पायाखाली ओल. वकील एका स्टुलावर बसून शर्टांना चिठ्ठ्या टाचत होती. सरांनी दुसरं स्टूल ओढलं.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "मला वाटलं, तुला त्रास होईल."

"मी त्या धड्यासाठीच शाळेत येत होते सर."

सरांनी खाली पडलेली एक चिठ्ठी उचलून तिच्या हातात दिली.

"घरी सगळे म्हणतात देवाची इच्छा. त्याच्यापुढे कुणी बोलतच नाही. मला वाटलं, तुमच्या वर्गात तरी दोन्ही बाजू निघतील. मी क्रम बघून ठेवला होता. मरणोत्तर झालं की हाच. मी वाट बघत होते." तिने टाचणी तोंडातून काढली. "मला फक्त एक विचारायचं होतं. रकाना कुठला?"

"कसला रकाना?"

"नैसर्गिक अनिष्ट का मानवी? तुम्हीच पहिल्या सत्रात विषयाची ओळख करून देताना फळ्यावर दोन रकाने काढले होते. भूकंप, पूर, रोगराई इकडे. खून, युद्ध, निष्काळजीपणा तिकडे. इकडच्याला देव जबाबदार, तिकडच्याला माणूस. शेपूट कुठल्या रकान्यात?"

"ताप, बाळा. रोग. नैसर्गिक."

"तिने मला आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं. डोकं दुखतंय, थंडी वाजतेय म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिची गणिताची चाचणी होती. मी म्हटलं, नाटकं पुरे. आईला सांगायला निघाली तर मीच हात धरून बसवलं. माझा अभ्यास चालू होता." तिने पुढचा शर्ट ओढला. "जगाच्या रचनेचा. दवाखान्यात डॉक्टर मला म्हणाले, काल आणलं असतं तर. आणि पुढचं बोललेच नाहीत. आई-बाबा तेव्हा बाहेर होते."

सर म्हणतात, त्या वेळी त्यांना एकच सुचलं, ते म्हणजे तिला जवळ घ्यावं. पण तसं करण्याची त्यांना कधी सवय नव्हती. आणि तिला ते नकोच होतं. तिने आपलं स्टूल फिरवून त्यांच्या समोर आणलं.

"खुर्चीपालट घेऊ या. मी म्हणते, चूक माझी. तुम्ही म्हणा, नाही."

"हे असं करायचं नसतं."

"मग कशावर करायचं असतं? नुसतं घड्याळावर आणि बागेच्या माळ्यावर?"

सरांनी सुरुवात केली. म्हणाले, तू डॉक्टर नाहीस. ताप ओळखणं तुझं काम नव्हतं. ती म्हणाली, ओळखणं नव्हतं, सांगणं होतं. ते म्हणाले, ती नेहमीच तसं करायची, तेव्हा नाटक समजणं साहजिक. ती म्हणाली, नेहमी पोट दुखायचं. डोकं कधीच नाही. फरक माझ्या लक्षात आला होता. ते म्हणाले, आदल्या दिवशी नेलं असतं तरी वाचली असती याची खात्री कुठे आहे? ती म्हणाली, खात्री लागत नाही, शक्यता पुरते, हे तुमचंच. आणि माणसाला देव निवड करू देतो, म्हणून मानवी अनिष्टाचा दोष देवावर येत नाही, हा जर मान्य बचाव असेल, तर मी निवड केली. देव सुटला. उरलं कोण?

सर बोलत राहिले. आयुष्यभर शिकवलेलं सगळं त्यांनी बाहेर काढलं. ते म्हणतात, मी इतकं चांगलं कधीच शिकवलं नव्हतं. एक क्षण तिचा चेहरा सैल झाल्यासारखाही वाटला. मग तिने हातातला लाकडी हँगर स्टुलाच्या कडेवर आपटला.

"पालट."

"नाही."

"पालट, सर. आता मी म्हणते माझी चूक नव्हती. तुम्ही म्हणा, होती."

"मी नाही म्हणणार."

"नियम आहे."

"नियम माझाच आहे. मी मोडतो."

"मग मघाशी बोललात ते काय होतं?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, वर्गात असायचा तसाच होता. "ती तुमच्या वाट्याला आलेली बाजू होती. मीच दिली होती. मी दुसरी दिली असती तर तुम्ही तीही एवढीच छान मांडली असती. मला कसं कळणार, तुम्हाला खरंच तसं वाटतं?"

"वाटतं मला. खरंच वाटतं."

"वाटतं त्याला गुण नसतात," ती म्हणाली. कुत्सितपणे नाही. विद्यार्थी पाठ केलेलं म्हणतो तशी.

सरांनी तोंड उघडलं. इतक्या वर्षांत कुणालाच, बायकोलासुद्धा, आपल्याला काय वाटतं हे त्यांनी सांगितलं नव्हतं. आणि आता सांगायची वेळ आली तर त्यांच्या सांगण्यावर विश्वास ठेवायला जगात एकही साक्षीदार नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती उघडली तेव्हा आत काही आहे हे कुणी मानेना.

तेव्हा चादर हलली.

आई पलीकडच्या भिंतीशी होती. तिच्या हातात ओल्या उशांच्या खोळी होत्या. किती वेळ ती तिथे होती, हे विचारायची गरज नव्हती. ती चादरीखालून वाकून अलीकडे आली, खोळी एकेक करून तारेवर टाकल्या, चिमटे लावले. मग मुलीकडे न बघता म्हणाली, "मला हे कळू द्यायचं नव्हतंस."

"आई..."

"देवाची इच्छा म्हणत मी रात्री पाठ टेकत होते. आता काय म्हणून टेकू?" मग ती सरांकडे वळली. "तुम्ही शाळेत हेच शिकवता?"

सर म्हणाले, "हा धडा घेतला नव्हता."

"मग इथे का घेतलात?"

याचं उत्तर सरांकडे होतं. वर्गात तो धडा झाला असता तर फळा असता, दोन खुर्च्या असत्या, बाकीची पोरं असती. शेपटीचं नाव निघालं असतं तरी ते वादातलं एक उदाहरण म्हणून निघालं असतं, कदाचित निघालंही नसतं, आणि मुलगी काहीतरी लिहून पास झाली असती. माणुसकी म्हणून गाळलेला धडा या खोलीत आला, चादरींच्या अलीकडे लेक आणि पलीकडे आई असताना. पण हे त्या बाईला सांगून काय होणार होतं? पुढून वडिलांचा आवाज आला, "अगं, त्या हॉटेलवाल्याच्या चादरी झाल्या का?" आई म्हणाली, "होतायत." आणि इस्त्रीकडे गेली.

वकील नापास झाली. लाँड्रीवाल्याने शाळेत येऊन मोठ्या बाईंना सांगितलं की आता फेरपरीक्षेचं नाटक नको, पोरगी दुकानातच बरी. सर त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत गेले. काय बोलले माहीत नाही, पण वडील शेवटी म्हणाले, "एकदा बसू दे. पण शिकवायचं शाळेत. घरात नाही."

म्हणून सुट्टीत, रिकाम्या शाळेत, गाद्यांच्या खोलीत सरांनी तिला तो धडा शिकवला. खुर्च्या मांडल्या नाहीत. ती पुढच्या बाकावर बसायची, ते फळ्यापाशी उभे राहायचे, आणि ती लिहून घ्यायची. मोठ्या बाई एकदा डोकावून गेल्या. म्हणाल्या, आत काहीतरी शिवणकामाचा वर्ग चालू असल्यासारखी शांतता होती. प्रश्न तिने एकही विचारला नाही. फेरपरीक्षेत दुसऱ्या शब्दांत तोच प्रश्न आला, आणि तिला त्यात जवळजवळ पूर्ण गुण मिळाले. परीक्षकाने, जो कुणी होता त्याने, उत्तर समतोल असल्याचा शेरा दिला.

घरातलं बोलणं मात्र सुरू झालं नाही. आई तिला जेवायला वाढायची, पाणी द्यायची, तिचे कपडे धुऊन इस्त्री करून कपाटात ठेवायची. तिच्या नावाने हाक मारायची नाही. काही हवं असलं तर वडिलांना म्हणायची, "तिला सांगा." दुकानात येणारी माणसं अजून म्हणायची, देवाची इच्छा. आई आता मान हलवत नसे. पावती पुढे करायची.

मावशीकडे जायच्या दिवशी वकीलला सोडायला बसस्थानकावर वडील आले होते आणि सर आले होते. पेटी वडिलांच्या खांद्यावर होती.

सरांनी विचारलं, "आई?"

"दुकान कोण बघणार?" वडील म्हणाले.

त्या दिवशी लाँड्रीला साप्ताहिक सुट्टी असते, हे तिघांनाही माहीत होतं. वकीलने खिडकीजवळची जागा धरली. सरांना काहीतरी सांगायचं होतं. ते खिडकीखाली उभे राहिले, डस्टर नसलेले हात एकमेकांत घालून. ती म्हणाली, "सर, ऊन लागतंय तुम्हाला. जा आता." बस हलली.

वडील तिथूनच कुठेतरी कामाला गेले. सर घरी निघाले होते, पण चौकात आल्यावर त्यांची पावलं लाँड्रीकडे वळली. शटर अर्धं खाली होतं. आत दिवा होता. ते वाकून आत गेले. आई एकटीच इस्त्री करत होती.

"आज बंद आहे," ती म्हणाली. मग तिने वर पाहिलं. "गेली?"

"गेली."

"जागा मिळाली?"

"खिडकीची."

इस्त्री एका चादरीच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. आईने तिची घडी घातली, हाताने दाबली.

"माझं काही बोलली?"

हो म्हणणं सोपं होतं. एखादं छोटं वाक्य रचून सांगितलं असतं तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. पण या बाईपाशी आतापर्यंत बरंच काही सांगून झालं होतं, आणि रचलेलं वाक्य ती ओळखेल असं सरांना वाटलं.

"नाही," ते म्हणाले.

"बरं," आई म्हणाली. तिने खालून दुसरी चादर घेतली, झटकली आणि टेबलावर पसरली. "शटर खाली ओढून जा. धूळ येते."